एरिक लिडेलचा रविवार : एका न धावलेल्या शर्यतीचं प्रकरण

संडे स्कूलमध्ये ही गोष्ट मी आजवर दहा-बारा वेळा तरी सांगितली असेल. स्कॉटलंडचा एक धावपटू असतो. ऑलिम्पिकमधली त्याची शंभर मीटरची पहिली फेरी नेमकी रविवारी येते. तो म्हणतो, रविवारी मी धावणार नाही. मग तो दुसऱ्याच शर्यतीत उतरतो, सुवर्णपदक जिंकतो, वर विक्रमही करतो. इथे थांबून मी मुलांना विचारायचो, ‘‘मग देवाने काय केलं?’’ मुलं एका सुरात ओरडायची, ‘‘त्याचा मान राखला!’’ टाळ्या, शेवटची प्रार्थना, खाऊ.

अलीकडे मात्र तो प्रश्न विचारताना जीभ अडखळते. गोष्ट खोटी नाही. पण आपण ती पदकावर संपवतो आणि लिडेलचं प्रकरण तिथे संपत नाही. विसाव्याबद्दल त्याच्याकडून शिकण्यासारखं जे आहे त्यातलं बरंचसं पदकाच्या नंतर घडलं आणि थोडं पदकाच्या आड लपून राहिलं. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून उलगडून पाहायचं ठरवलं. (लहानपणापासूनची ओळख असल्यामुळे त्याच्याबद्दल एकेरीतच लिहितो आहे.)

एरिक लिडेलचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधल्या तिआनत्सिन शहरात झाला. आईवडील लंडन मिशनरी सोसायटीचे स्कॉटिश मिशनरी. शाळा इंग्लंडमध्ये, मिशनऱ्यांच्या मुलांसाठी चालणाऱ्या एल्थम कॉलेजात. नंतर एडिंबरो विद्यापीठात विज्ञान. रग्बीत तो स्कॉटलंडकडून सात सामने खेळला. १९२३ च्या जुलैमध्ये त्याने शंभर यार्ड ९.७ सेकंदांत पार केले आणि हा ब्रिटिश विक्रम पुढे तेवीस वर्षं टिकला. पळण्याची ढब मात्र बघवत नसे. मान मागे टाकलेली, तोंड आभाळाकडे उघडं, हात कुठल्या कुठे. कोणत्याही क्रीडाशिक्षकाने पहिल्याच दिवशी कान पकडून सुधारली असती अशी.

म्हणजे १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरवर ब्रिटनची जी काही आशा होती तिच्यात लिडेलचा वाटा मोठा होता. वेळापत्रक हाती आलं तेव्हा कळलं की शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या ६ जुलैला, रविवारी आहेत.

या रविवाराचं वजन आज आपल्याला कळणं जरा अवघड आहे, म्हणून थोडं मागे जावं लागेल. पहिल्या तीन शतकांतले ख्रिस्ती लोक रविवारी प्रभूच्या पुनरुत्थानाची आठवण करीत आणि मग आपापल्या कामाला लागत. सुटी नव्हतीच. इ.स. ३२१ मध्ये कॉन्स्टन्टाइन बादशहाने शहरांतली कामं रविवारी बंद ठेवण्याचा हुकूम काढला, त्यातूनही शेतकरी वगळले होते. शब्बाथाचे, म्हणजे यहुद्यांच्या सातव्या दिवसाच्या विसाव्याचे, सगळे नियम रविवारावर आणून बसवण्याचं काम पुष्कळ नंतर, विशेषतः इंग्लंड-स्कॉटलंडच्या प्युरिटन, म्हणजे कडक आचाराच्या प्रोटेस्टंट लोकांनी केलं. वेस्टमिन्स्टरला तयार झालेला विश्वासनामा स्कॉटलंडच्या चर्चने १६४७ साली स्वीकारला. प्रभूच्या दिवशी धंद्यापासूनच नव्हे तर करमणुकीपासूनही दूर राहावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. लिडेलचं घराणं काँग्रिगेशनल पंथाचं, पण रविवारचा शिरस्ता तोच.

आपल्याकडचा रविवारही याच वळणाचा आहे. १८२९ साली मुंबईत आलेले मिशनरी जॉन विल्सन स्कॉटिश होते, आणि नगरला ज्या अमेरिकन मराठी मिशनने काम केलं तिची मुळं न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांत होती. माझी आजी रविवारी सुई हातात धरत नसे. सोमवारची भाजीसुद्धा शनिवारी रात्री चिरून ठेवायची. आम्ही हसायचो, पण हेही खरं की आठवड्यातून तो एकच दिवस ती आम्हाला निवांत बसलेली दिसायची.

लिडेलने नकार दिला तो शर्यतीच्या कित्येक महिने आधी. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. १९८१ साली त्याच्यावर आलेल्या प्रसिद्ध चित्रपटात त्याला ही बातमी पॅरिसला निघालेल्या जहाजावर चढताना कळते आणि मग मोठे लोक त्याला खोलीत घेऊन समजावतात. तो पटकथेचा भाग. प्रत्यक्षात गाजावाजा न करता त्याने कळवून टाकलं की रविवारी धावणार नाही, आणि प्रशिक्षक टॉम मॅकर्चर यांच्याबरोबर तो दोनशे आणि चारशे मीटरच्या सरावाला लागला. दडपण आलं, काही वर्तमानपत्रांनी देशापेक्षा स्वतःचा धर्म मोठा केला म्हणून बोल लावले. त्याने कुठे वाद घातला नाही. इतरांनी रविवारी धावू नये असं मात्र तो कधी म्हणाला नाही. माझ्या मते या प्रकरणातली ही पहिली महत्त्वाची गोष्ट. नियम त्याने स्वतःला लावला. दुसऱ्याला मोजायची पट्टी तो झाला नाही.

त्याने सोडलं किती, तेही नीट मोजू. आपण नेहमी एका शर्यतीबद्दल बोलतो, पण सोडल्या त्याने तीन. चार बाय शंभर आणि चार बाय चारशे या दोन्ही रिले शर्यतींच्या अंतिम फेऱ्या पुढच्या रविवारी, १३ जुलैला होत्या. पहिलीत ब्रिटनला रौप्य मिळालं आणि दुसरीत कांस्य, दोन्ही लिडेलशिवाय. शंभर मीटर एकट्याची शर्यत आहे. ती सोडली तर तोटा आपला. रिलेत मात्र आणखी तिघांच्या पदकाचा प्रश्न असतो. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, ही गोष्ट सांगताना आपण रिले वगळतो, कारण तिथे ती गैरसोयीची होते. आणि एक गंमत. सोमवारी ७ जुलैला शंभर मीटर जिंकली ती त्याच्याच संघातल्या हॅरॉल्ड अब्राहम्सने, म्हणजे ज्या लोकांकडून जगाला शब्बाथ मिळाला त्या यहुदी समाजातल्या तरुणाने.

बुधवारी ९ तारखेला दोनशे मीटरमध्ये लिडेल तिसरा आला. हे कांस्यपदक कुणाला आठवत नाही.

शुक्रवारी ११ जुलैला कोलोंबच्या मैदानावर चारशेची अंतिम फेरी होती. आदल्या दिवशी दोन फेऱ्या झालेल्या, त्या दिवशी उपांत्य फेरी. उपांत्य फेरीत अमेरिकेच्या होरेशो फिचने ४७.८ सेकंद नोंदवून सगळ्यांना धडकी भरवली होती. लिडेलच्या वाट्याला सर्वांत बाहेरची धावपट्टी आली. तिथून प्रतिस्पर्धी दिसत नाहीत, सगळे पाठीमागे असतात. मैदानावर यायच्या आधी संघाला मालिश करणाऱ्याने त्याच्या हाती एक चिठ्ठी दिली होती. तिच्यात बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातलं वचन होतं, जे माझा आदर करतात त्यांचा मी आदर करीन. शर्यत सुरू झाली तेव्हा पहिले दोनशे मीटर तो दोनशेचीच शर्यत असल्यासारखा पळाला. जाणकारांनी मनात म्हटलं असेल, हा मरतो आता. तो मेला नाही. ४७.६ सेकंद, ऑलिम्पिक विक्रम. फिच ४८.४ वर दुसरा.

आठवड्याभरात एडिंबरोला पदवीदान झालं. प्राचार्य सर आल्फ्रेड युइंग त्याला म्हणाले की परीक्षकाशिवाय तुम्हाला कुणी पास करू शकत नाही. इंग्रजीत मागे टाकण्यालाही ‘पास’च म्हणतात, त्यावरची ही कोटी. विद्यार्थ्यांनी त्याला खांद्यावर मिरवला.

गोष्ट सांगणारा इथे थांबतो. माझी अडचण इथून सुरू होते.

त्या चिठ्ठीतलं वचन शास्त्रात कुठे येतं ते कधी उघडून पाहिलंय? ते एली याजकाच्या घराण्याला दिलेल्या कडक इशाऱ्यात येतं. त्याचे मुलगे देवाला आणलेल्या अर्पणांतले चांगले तुकडे स्वतःसाठी काढत होते आणि बाप डोळेझाक करत होता. त्याला देव हे ऐकवतो. शर्यतीच्या दिवशी कुणी प्रेमाने हे वचन लिहून दिलं, छानच केलं. पण रविवार पाळला म्हणून पदक मिळालं, हा हिशेब त्या वचनातून निघत नाही. तसं असतं तर बुधवारी कांस्य का? फिचने काय पाप केलं होतं? आणि १९२३ मध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटच्या शर्यतीत लिडेल सुरुवातीलाच धक्का लागून पडला होता (उठून पळाला आणि जिंकलाही), तसा तो पॅरिसला पडला असता तर ६ जुलैचा रविवार वाया गेला असता का?

विसावा घ्या, म्हणजे जास्त काम होईल, हे आजकाल कंपन्यांचे व्याख्यातेही सांगतात. मोबाइल चार्जिंगला लावावा तसा माणूस रविवारी लावून ठेवायचा, सोमवारी पुन्हा वापरायला. मंडळीच्या व्यासपीठावरूनही हेच ऐकू येतं, फक्त वर एक वचन लावलेलं असतं. शास्त्रातला शब्बाथ याहून वेगळ्या मातीचा आहे. मिसरातून सुटलेल्या इस्राएल लोकांसाठी रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, पडायचा तो सहा दिवस. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा आणि सातव्या दिवशी बाहेर जायचं नाही. तरी काही जण टोपली घेऊन गेलेच, आणि रिकाम्या हाताने परतले. माझ्या हातांशिवाय आजचा दिवस निघेल, हे कबूल करायला त्यांना जड गेलं. आपल्यालाही जातं. बायबलच्या निर्गम या पुस्तकातली शब्बाथाची आज्ञा सृष्टीच्या सातव्या दिवसाचं कारण देते. अनुवाद नावाच्या पुस्तकात तीच आज्ञा पुन्हा येते तेव्हा कारण बदलतं. तू मिसरात दास होतास हे आठव, म्हणून तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव, तुझ्याकडे राहणारा परका, सगळ्यांना विसावा मिळू दे. दासाला सुटी देण्याचा हक्क नसतो, घेण्याचा तर नसतोच. ज्याला थांबता येतं तो मोकळा.

(इथे एक आपल्या मातीतली आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं केलेल्या खटपटीनंतर. लोखंडे सत्यशोधक, महात्मा फुल्यांचे सहकारी, ख्रिस्ती नव्हेत. पण अनुवादातल्या त्या आज्ञेचा गाभा त्यांच्या मागणीत जितका दिसतो तितका त्या काळच्या कित्येक चर्चला जाणाऱ्या गिरणीवाल्यांच्या रविवारात दिसला नसता.)

या नजरेने ६ जुलैकडे पाहिलं की लिडेलने काय केलं ते निराळं दिसतं. माझ्या पायांत वेग आहे, त्यावर देशाचा हक्क आहे, वर्तमानपत्रांचा आहे, माझ्या महत्त्वाकांक्षेचाही असेल. पण यातला एक दिवस मागणाऱ्यांपैकी कुणाचाच नाही. पदक मिळालं ते नंतर. तो थांबला तेव्हा हातात काही नव्हतं.

१९२५ साली, बावीस-तेवीसचा असताना आणि पायांत वेग शाबूत असताना, तो चीनला निघून गेला. तिआनत्सिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात विज्ञान आणि खेळ शिकवू लागला. १९३४ मध्ये फ्लॉरेन्स मॅकेन्झीशी लग्न झालं, ती कॅनडाच्या मिशनरी घराण्यातली. पुढे शिओचांगच्या खेड्यापाड्यांत त्याने काम केलं, जपानी फौजांनी वेढलेल्या भागात. १९४१ मध्ये परिस्थिती बिघडली तेव्हा त्याने गरोदर फ्लॉरेन्सला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवून दिलं. तिसरी मुलगी तिकडेच जन्मली, ती त्याने कधी पाहिली नाही. मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला शांडोंग प्रांतातल्या वेइशियन इथल्या छावणीत आणून ठेवलं. जुन्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या आवारात दीड हजाराहून जास्त परदेशी माणसं कोंडलेली होती. त्यांत चिफू इथल्या मिशनरी शाळेची मुलं होती, आईबाप कुठे तरी दूर अडकलेले. ती त्याला एरिक अंकल म्हणत.

छावणीतही लिडेलने आपला रविवार तसाच ठेवला होता. मुलांचे खेळ तोच भरवायचा, पण रविवारी नाही. आता कल्पना करा. भिंतीआड बारा-पंधरा वर्षांची मुलं, जेवण अपुरं, आईबापांची खबर नाही, आणि रविवारी दिवसभर करायला काहीच नाही. काही मुलांनी स्वतःच हॉकीचा सामना जमवला. लिडेल आला नाही. पंच नसल्यामुळे खेळ चिघळत गेला आणि शेवट हाणामारीत झाला.

पुढच्या रविवारी लिडेल मैदानावर पंच म्हणून उभा होता.

एवढीच घटना. त्याने यावर काही लेख लिहिला नाही, धर्मशास्त्र मांडलं नाही. ज्याने वीस वर्षांपूर्वी सगळ्या साम्राज्यासमोर रविवार सोडला नाही, त्याने तो एका धूळभरल्या मैदानावर पोरांच्या भांडणापायी सोडला. की सोडला नाही?

या प्रश्नाची दोन उत्तरं मी मंडळीत ऐकली आहेत आणि दोन्ही मला पुरी पडत नाहीत. जुन्या वळणाचे लोक म्हणतात, बंदिवासातली अडचण होती, नाइलाज झाला. नव्या वळणाचे म्हणतात, शेवटी त्याला कळलं की हे नियम व्यर्थ आहेत, प्रेषित पौलाने कलस्सैकरांना पत्रात लिहिलंच आहे की शब्बाथावरून कुणी तुमचा न्याय करू नये. पण लिडेल तिथे खेळला नाही. स्वतःच्या करमणुकीसाठी रविवार मोकळा केला नाही. नियम व्यर्थ वाटला असता तर काठी घेऊन उतरला असता, बेचाळिसाव्या वर्षीही त्या पोरांना पळवून दमवलं असतं. आणि नाइलाज म्हणावा तर तसाही नव्हता. मुलांना हॉकी बंद करा म्हणणं सोपं होतं, त्याचा शब्द त्यांनी ऐकला असता.

शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नाही, असं येशू म्हणतो ते शेतात भुकेल्या शिष्यांनी कणसं खुडली तेव्हा. हे वाक्य आपण सोडवणुकीसाठी वापरतो, पण त्याचा पहिला अर्धा भाग ही एक देणगी आहे. मनुष्यासाठी झाला, म्हणजे त्या मुलांसाठीही झाला. त्यांच्या वाट्याला आलेला रविवार जर रिकामा, जड आणि शेवटी रक्तबंबाळ असेल तर तो त्यांच्यासाठी झालेला नाही. आईबाप नसलेल्या मुलाला एक तासभर धड खेळ, कुणीतरी मोठं माणूस बाजूला उभं आहे ही खात्री, यापेक्षा मोठा विसावा त्या छावणीत दुसरा कोणता होता? पॅरिसला मागणारे बलवान होते आणि मागणी कीर्तीची होती. वेइशियनला कुणी काही मागितलंसुद्धा नव्हतं. मला वाटतं, लिडेलला दोन्ही वेळा आज्ञा एकच दिसली असावी. दास, दासी आणि परक्याला विसावा मिळू दे. पॅरिसला तो स्वतः त्या रांगेत होता, इथे मुलं होती.

आणि हे करताना त्याने आपला विसावा खर्च केला, हेही लिहून ठेवतो, कारण प्रकरणाचा शेवटचा भाग तिथेच जातो.

छावणीत लिडेल किती काम करत होता! शिकवणं, तेही प्रयोगशाळा नसताना उपकरणांची चित्रं काढून काढून. खेळांची व्यवस्था, मोडक्या हॉकी स्टिकची डागडुजी, तरुणांच्या संध्याकाळच्या बैठका, शास्त्राचे वर्ग, उपदेश, म्हाताऱ्या माणसांची ओझी. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून शास्त्रवाचन आणि प्रार्थना. ती एक वेळ त्याने कधी सोडली नाही, आणि जे काही बळ होतं ते तिथूनच येत होतं असं त्याच्या सोबत्यांनी नंतर सांगितलं. पण १९४४ सरताना त्याचं डोकं दुखू लागलं. चालणं मंदावलं, चेहऱ्यावरचं नेहमीचं हसू कमी झालं. डॉक्टरांना वाटलं, अतिश्रमाने मज्जासंस्था थकली आहे. त्याला छावणीच्या रुग्णालयात ठेवण्यात आलं.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी त्याने फ्लॉरेन्सला पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की आपण फार जबाबदाऱ्या घेतल्या होत्या, जरा मानसिक थकवा आला, महिनाभर रुग्णालयात राहून बरं वाटतंय. डॉक्टर म्हणतात की काम बदला, शिकवणं आणि खेळ सोडून बेकरीसारखं अंगमेहनतीचं काहीतरी घ्या, बदल चांगला. त्याच संध्याकाळी तो गेला. वय त्रेचाळीस. शवविच्छेदनात मेंदूत गाठ सापडली.

इथे फार जपून बोलायला हवं. विसावा घेतला असता तर वाचला असता, असं मी म्हणणार नाही. गाठ कामामुळे झाली नव्हती. जो कोणी या मृत्यूतून ‘अतिश्रमाचं फळ’ असा धडा काढेल तो एलीच्या वचनातून पदक काढणाऱ्याइतकाच चुकतो. मला खिळवून ठेवतं ते पत्र. त्याला स्वतःला गाठीचा पत्ता नव्हता. त्याने आपल्या शरीराकडे पाहून जो निवाडा दिला तो असा की, मी फार ओझं उचललं. आणि पुढचा आराखडा बेकरीत पीठ मळण्याचा. ऑलिम्पिकवीर, मिशनरी, शेकडो मुलांचा आधार, आणि तो विनातक्रार म्हणतो, बरं, पाव भाजतो.

एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवदूताने त्याला आधी झोपू दिलं, मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर खाऊ घातली, मग पुन्हा झोपू दिलं. उपदेश एकही केला नाही. शिष्य इतके धावपळीत होते की जेवायला फुरसत नव्हती, तेव्हा येशू म्हणाला, एकांती चला आणि थोडा विसावा घ्या. काम संपलं म्हणून त्याने त्यांना नेलं नव्हतं. माणसं तर किनाऱ्याने पळत पुढे जाऊन पोचलीच होती.

आपल्या मंडळीत हे कुठे बसतं? आपल्या खेड्यातल्या पाळकांचा रविवार डोळ्यांसमोर आणा. सकाळी साडेआठला एका गावी उपासना, अकराला दुसऱ्या गावी, मध्ये मोटरसायकलवर वीस किलोमीटर. दुपारी कुणाच्या घरी वाढदिवसाची प्रार्थना, तिथे जेवायलाच हवं. संध्याकाळी तरुण संघ. सोमवारी सुटी म्हणावी तर सोमवारीच अंत्यविधी निघतो किंवा तालुक्याला कमिटी. प्रीतिभोजन असेल त्या रविवारी महिला संघाच्या बायका उपासनेचं शेवटचं गीत चुलीजवळूनच ऐकतात. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो’ हे वचन भिंतीवर रंगवलेलं असतं आणि त्याखाली रस्सा ढवळणं चालू असतं. आपण सातव्या दिवसाची आज्ञा मोडतो ती बहुतेक वेळा चर्चच्या आवारातच.

दुसरीकडे आपल्यात नर्स पुष्कळ. त्यांच्या रविवारच्या ड्यूटीबद्दल कुणी नाक मुरडू नये. विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशी बाहेर काढता ना, असं प्रभूनेच विचारलं आहे. त्यांना दुसरा दिवस मिळतो का, आणि त्या दिवशी घरचे त्यांना बसू देतात का, एवढं मंडळीने पाहावं. परीक्षांचं कोडं मात्र मला अजून सुटलेलं नाही. स्पर्धा परीक्षा सर्रास रविवारी असतात. मागच्या वर्षी एका मुलाने मला लिडेलचं उदाहरण देऊन विचारलं, मी पेपर सोडू का? मी त्याला सोड म्हणालो नाही. त्याच्या घरी कमावणारी आई एकटी. चारशे मीटरचा दुसरा पर्यायही त्याच्यापुढे नव्हता. मी एवढंच म्हणालो की पेपर दे, पण त्या आठवड्यातला एक दिवस पुस्तक उघडायचं नाही. त्याला हे जास्त कठीण वाटलं. गुरुवार ठरवला, आणि दुपारी तीनला मला फोन, सर, नुसती चालू घडामोडींची वही चाळली तर चालेल का.

लिडेल गेल्याची बातमी कॅनडात फ्लॉरेन्सला मे महिन्यात कळली. छावणी १७ ऑगस्टला सुटली. आज वेइफांगला, म्हणजे तेव्हाच्या वेइशियनला, त्याच्या नावाची शिळा आहे, स्कॉटलंडच्या मल बेटावरून आणलेल्या ग्रॅनाइटची, १९९१ साली बसवलेली. तिच्यावर यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातलं वचन आहे, धावतील तरी दमणार नाहीत. वचनाची सुरुवात परमेश्वराची वाट पाहण्यापासून होते, धावणं नंतर येतं.

संडे स्कूलमध्ये मी ही गोष्ट आता दोन रविवारी सांगतो. पहिल्या रविवारी पॅरिस, दुसऱ्या रविवारी हॉकी. परवा हॉकीपर्यंत आलो आणि मुलांना विचारलं, त्याने रविवार पाळला की मोडला? वर्गात उभे दोन तट पडले. एक मुलगी म्हणाली, पाळला, कारण तो स्वतः खेळलाच नाही. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, पंचाला पण पळावं लागतं. मग ऑफसाइडचा नियम, मग कुणी कुणाला चिमटा काढला, मग मीच पंच. उपासनेची घंटा झाली तरी निकाल लागला नव्हता, आणि खाऊ वाटायचा राहिला तो राहिलाच.